मंगळासाठी कळशीभर पाणी

लातूरच्या आमच्या कॉलेजात हिरव्या शेवाळाच्या बाटल्या होत्या. हे सूक्ष्मजीव उन्हावर वाढून मंगळावरच्या माणसांना प्राणवायू देतील, असं मी शिकवायचो. बाटल्या सांभाळणारे शिपाईमामा प्रत्येक वाक्याला ‘बरोबर हाय, पण’ लावायचे.

“बरोबर हाय, पण सर, तिथं पाणी हाय का?”

“थोडं आहे, बर्फाचं.”

“मंजी लातूरपेक्षा बरं.”

त्या वर्षी दुष्काळ होता, पाण्याचा टँकर आठवड्यातून एकदा यायचा. कॉलेजची टाकी आटली, तेव्हा मी बाटल्या ओतून द्यायला सांगितलं. मामांनी त्या ओतल्या नाहीत; दुसऱ्या दिवशी घरून पाण्याची कळशी आणली, ते उकळून गाळलं आणि बाटल्यांत घातलं.

“मामा, घरी काय सांगितलंत?”

“खोटंच बोललो. कॉलेजात लेकरं तहानलीत म्हनलं. आता बायको आंघोळ सोडून रोज कळशी भरून ठेवती.”