धुरपताबाईची साक्ष

अड्याळच्या बौद्ध वस्तीत अगदी टोकाला धुरपताबाईचं घर. नवरा लवकर गेला. धानाच्या रोवणीला, निंदणाला जाऊन तिनं एकुलत्या एका लेकीला, रीनाला, बारावीपर्यंत शिकवलं. रीनाला जन्मापासून सिकलसेल, रक्ताचा आजार. दुखणं उठलं की पोरगी गुडघे पोटाशी घेऊन कण्हत पडे. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर बजावत तशा गोळ्या रोज घेतल्या तर ते लांब राही. मुळातून मात्र जात नसे.

शेजारणीबरोबर धुरपताबाई एका रविवारी भय्याजींच्या घरी प्रार्थनेला गेली. भय्याजी पूर्वी ऑटो चालवत, आता येशूचं वचन सांगत. त्या दिवशी सगळ्या बाया रीनाच्या डोक्यावर हात ठेवून रडल्या. रीनासाठी आजवर कोणी परकं माणूस रडलं नव्हतं. धुरपताबाई तिथलीच होऊन गेली.

धाकट्या जावेनं, गिरजाबाईनं, टोमणा मारलाच. "काय बाई, पंचशील म्हणून म्हणून तोंड दुखलं काय तुमचं?"

"तोंड नाही दुखलं, गिरजे. तिथं माह्या पोरीसाठी लोकं रडतात. तू कधी रडली?"

गिरजाबाई सूप उचलून आत गेली.

प्रार्थनेत एक रीत होती. ज्याला गुण आला, त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायची. थंडीत रीनाचं दुखणं ठरलेलं. त्या वर्षी थंडी सरली तरी ते आलं नाही. धुरपताबाई डोक्यावरचा पदर सावरत उभी राहिली. "प्रभूनं माह्या पोरीले बरं केलं." हालेलुयाचा गजर झाला. भय्याजींनी तिला आंधळगावच्या सभेतही नेलं. तिथं तिनं माईक धरून तीच साक्ष न अडखळता दिली.

घरी आली तर रीना रोजच्यासारखी गोळी आणि पाण्याचा गिलास घेऊन उभी. धुरपताबाईच्या मनात खटकलं. बरी झालेली पोर गोळी खाते, मग साक्ष कशाची? तिनं भय्याजींना विचारलं, "गोळ्या चालू ठेवू का बंद करू?"

"थे तू अन् प्रभू पाहा, बहीण," ते म्हणाले आणि दुसरीकडे वळले.

मागायचंच असेल तर देवाकडे बुद्धी मागावी, असं तिथंच शिकवलं होतं. तिनं गुडघे टेकून बुद्धी मागितली. काही ऐकू आलं नाही. सकाळी रीना हसत उठली. धुरपताबाईनं तेच उत्तर मानलं. गोळ्यांची पाकिटं तांदळाच्या कोठीमागे गेली.

"माय, मले भेव वाटून राहिलं. घेऊ दे ना एक."

"काहून? प्रभूवर भरवसा नाही काय तुले?"

रीनानं पुन्हा विचारलं नाही.

रोवणीच्या दिवसांत दुखणं परत आलं. पण धुरपताबाईला ते कळलं नाही, कारण रीनानं कळू दिलं नाही. आईची साक्ष खोटी पडू नये म्हणून ती उशीचं टोक दातांत धरून पडून राही, आणि आई बांधावरून परतली की उठून चूल पेटवी. एका संध्याकाळी तिला चुलीपाशी बसताही येईना. डोळे हळदीसारखे पिवळे, श्वास तुटका. गिरजाबाईच्या नवऱ्यानं गाडी आणली, भंडाऱ्याला नेलं.

"गोळ्या कधी बंद केल्या?" डॉक्टरांनी विचारलं. धुरपताबाईनं बोटांवर महिने मोजून सांगितलं. रीना हळूच म्हणाली, "माय, आता तुले लोकं काय म्हणतीन?"

त्यानंतर ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी गेली.

गिरजाबाई रोज भाकर घेऊन येई. एकदा म्हणाली, "आता तरी सोडा बाई थे."

"देवाचं काय चुकलं, गिरजे? मी बुद्धी मागितली, अन् माह्या मनासारखं दिसलं त्यालेच उत्तर समजली. डाक्टर सांगत होता, पोरगी सांगत होती. थे आयकलं नाही मी. देवाची लाज राखतो म्हणत मी माहीच राखली."

गिरजाबाई रडली. मग दोघी रडल्या.

पुढच्या एका रविवारी धुरपताबाई प्रार्थनेला गेली. रेणू नावाची तरुण बाई तान्ह्या लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. त्या लेकरालाही सिकलसेल. भय्याजी म्हणाले, "आज रेणू बहीण साक्ष देणार."

रेणू उठायच्या आत धुरपताबाई उठली. "आधी माही आयका. मी दिलेली साक्ष खोटी होती. प्रभू खोटा नाही, मी खोटी. रीना गोळीनं चांगली होती, अन् थे गोळी मी बंद केली."

"बस, बहीण. तू दुःखात आहेस."

"बसतो. पण तुमाले विचारलं होतं, भय्याजी. तुमी सांगाचं होतं."

धुरपताबाई रेणूजवळ गेली. "गोळ्या कुठं आहेत?"

"घरी... डब्यात ठेवल्या," रेणू पुटपुटली.

"फेकल्या नाही ना?"

"नाही फेकल्या," रेणू म्हणाली.

"मंग जा माय. आत्ता दे लेकराले. साक्ष राहू दे."

रेणूनं एकदा भय्याजींकडे पाहिलं आणि लेकराला खांद्यावर घेऊन ती बाहेर पडली. कोणी हालेलुया म्हटलं नाही. धुरपताबाई भिंतीकडेच्या आपल्या जागी जाऊन बसली, शेजारी रीना बसायची तेवढी जागा सोडून.