बिब्बा लावलेला चेंडू

ऑस्ट्रेलियाच्या एका थोर लेगस्पिनरमुळे माझं लग्न मोडता मोडता राहिलं. त्याला हे अजून कोणी कळवलेलं नाही.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. पवनीच्या न्हाव्याकडे पडलेल्या एका जुन्या साप्ताहिकात मी या महापुरुषाची कारकीर्द वाचली. चेंडू वळवून वळवून त्याच्या बोटाची साल निघायची म्हणे. खेळ सुटतो की काय अशी वेळ आली, तेव्हा एका औषधवाल्याने लोशन दिलं, बोट बरं झालं आणि पुढे त्याने जगभरच्या फलंदाजांना रडवलं. साल माझ्याही बोटाची निघत होती. (गावात लेगस्पिन टाकणारा मी एकटाच. बाकीचे शहाणे होते.) फक्त लोशन नव्हतं.

पण घरात बिब्बा होता! धानाच्या चिखलात टाचांना भेगा पडल्या की माय बिब्बा दिव्यावर तापवून त्याचं तेल भेगांत भरायची. टाच काय नि बोट काय, कातडी शेवटी एकच, असा मी विचार केला. तेल बोटाला चोपडलं. उरलं ते चेंडूला लावलं. काय चकाकला!

हे झालं माझ्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आदल्या दिवशी. मुलीकडची मंडळी आंधळगावहून मुक्कामाला आली होती आणि कापणी झालेल्या धानाच्या बांधीत त्यांच्याशी सामना ठरला होता. होणारे सासरे तुळशीरामजी मानाने अंपायर. चेंडू एकच. माझ्या प्रत्येक ओव्हरला तो शेताच्या धुऱ्यापलीकडे जाई आणि दर वेळी मुलीचा वेगळा काका नाहीतर मामा हौसेने आणून देई. तुळशीरामजी तर तो धोतराला घासघासून माझ्या हाती ठेवत. जावयाबद्दल एवढी माया मी नंतर कधी पाहिली नाही.

बिब्बा अंगावर सावकाश उततो. सकाळी माझं बोट वांग्याएवढं झालं होतं. ओसरीवर येऊन बघतो तर सगळे पाहुणे खाजवत बसलेले. कोणी हात, कोणी मान. तुळशीरामजी जिथे खाजवत होते ते ठिकाण चारचौघांत सांगण्यासारखं नाही. त्यांचे थोरले भाऊ म्हणाले, या घरात कांजण्यांची माता आली आहे, इथे मुलगी द्यायची नाही. बाबा म्हणाले, आमच्याकडे नव्हती, तुमच्याच बैलगाडीतून आली. त्यावर एक जण बैल जुंपायला उठलासुद्धा.

मुलगी मला आवडली होती. फार आवडली होती. मी पुढे झालो, वांगं दाखवलं आणि सगळं सांगून टाकलं.

"टाचेचं कातडं अन् बोटाचं कातडं सारखं असते का रे?" माय म्हणाली आणि सगळ्यांना लावायला खोबरेल आणायला आत गेली.

तुळशीरामजींनी सुजलेलं बोट वर केलं. मला वाटलं, आऊट.

"पोरगी देतो," ते म्हणाले, "पण आजपासून तू बॉल हाती घ्याचा नाही."

मी जागच्या जागी कबूल झालो. बायकोसाठी मी क्रिकेट सोडलं, असं आज चाळीस वर्षं सांगत आलो आहे. खरं तर त्या सामन्यात मला एकही विकेट मिळाली नव्हती आणि आमच्या टीमने मला आदल्या संध्याकाळीच काढून टाकलं होतं.