आत्यांच्या कॅल्शियमच्या गोळ्या

मी शार्कची शास्त्रज्ञ आहे आणि मला आजवर एकही शार्क चावलेला नाही, कारण माझ्यापर्यंत येतात ते सगळे मेलेलेच असतात. कोळ्यांच्या जाळ्यात मेलेल्या लहान शार्कचे मणके मी साफ करते, वाळवते आणि त्यांवरची वर्तुळं मोजून त्यांचं वय काढते. पलूसच्या आमच्या जैन घरात मात्र मी 'समुद्राचा अभ्यास' करते. जिथं कांदासुद्धा उंबरा ओलांडत नाही, तिथं मणके कोणत्या तोंडानं सांगायचे?

म्हणून यंदा सुट्टीत मणक्यांचा डबा घरी आणला तेव्हा त्यावर लिहिलं : 'औषध. हात लावू नये.' (हुशारी!) दुपारी कपाट उघडलं, तर डबा गायब!

"आई, माझा डबा?"

"त्या पांढऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या व्हय? सकाळी तुझ्या आत्यास्नी दिल्या. गुडघं लय दुखत्यात म्हनत हुत्या. दिवस बुडायच्या आत दोन घ्या म्हटलं."

"दोन कुणी सांगितलं?"

"आगं, एवढा डबाभर हायत. दोन तरी नकोत?"

आत्या पाणीसुद्धा गाळून पितात. त्यांचा सत्तर वर्षांचा नेम आज माझ्या मणक्यांनी मोडणार! मला रडूच फुटलं. फोन लावला, तर बंद. मंदिरात जाताना त्या बंद करतात आणि नंतर चालू करायला विसरतात.

स्कूटी काढली आणि कराडला आत्यांच्या घराकडे सुटले. पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या.

"दादा, बाजू द्या की!"

"कारखान्यात नंबर लावायचाय, ताई!"

घाई फक्त सूर्याला होती.

दारातून बघते तर आत्यांच्या एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या तळहातावर दोन मणके!

"आत्या, थांबा!"

"किंचाळतीस कशाला? कशाच्या हायत ह्या? डब्यावर नुसतं 'औषध' हाय, कशाचं ते लिवलेलंच न्हाई. लिवल्याबिगर मी तोंडात घालत न्हाई."

मी त्यांच्यापुढं खाली बसले आणि सगळं खरं सांगून टाकलं. आत्यांनी मणके हलकेच डब्यात ठेवले.

"मारलं कुणी?"

"कोळ्यांनी. मी नाही, आत्या. मी फक्त वय मोजते."

"मेलेल्याचं वय मोजून त्याला काय उपेग? ऊठ, हात धू आधी."

अनुदान समितीनं हाच प्रश्न विचारला होता, तेव्हा मी चाळीस स्लाइड दाखवल्या होत्या. आत्यांपुढे मुकाट्यानं उठले आणि हात धुऊन आले. दोनदा!