शवपेटीचा सांधा

मी एकदा मेलेल्या माणसाचा फ्रिज दुरुस्त करायला गेलो होतो. लग्नाच्या पंगतीत हे वाक्य टाकलं की समोरच्याचा घास हवेतच थांबतो. मला ते फार आवडतं. पुढचं मात्र सगळ्यांना सांगत नाही.

नव्वदच्या दशकात रोह्याला माझं फ्रिज दुरुस्तीचं दुकान होतं. पेणच्या एका मंडळाने आइस्क्रीमच्या लांबलचक फ्रीजरला काचेचं झाकण बसवून शवपेटी करून घेतली होती. खाडीकाठच्या गावात मिठागरात राबलेली एक म्हातारी वारली. तिचा एकुलता मुलगा आखातात. तो दुसऱ्या दिवशी सकाळी पोचणार होता. म्हातारीला पेटीत ठेवलं आणि दुपारी पेटीच बंद पडली. तेव्हा मला बोलावणं आलं.

मी दुकानातल्या भागीदाराला आणि गॅसची टाकी टेम्पोत घालून पोचलो. म्हातारी ओटीवर चटईवर होती, भोवती मासळीवाल्यांकडचा बर्फ. स्मशानाची वाट बांधावरून, भरतीला पाण्याखाली जाणारी. प्रेत हलेपर्यंत आळीत चूल पेटत नव्हती.

गावचा जाणता माणूस म्हणाला, “मिस्तरी, मशीन चालली तर सकालपर्यंत थांबू. नाय तर भरतीच्या आधी उचलू.”

म्हातारीचा म्हातारा नवरा माझ्या हत्यारांच्या पिशवीकडे बघत राहिला.

गळती लगेच सापडली. कॉम्प्रेसरचं टोक आणि नळी जिथे जोडली होती, तिथेच चीर. दोन्ही तांब्यासारखी लाल. पण टोक पॉलिश पेपरने घासलं, तर आतून लोखंड! वर नुसता तांब्याचा मुलामा. आधीच्या मिस्तरीने फसून सांध्यात वितळवायला तांब्याची साधी काडी वापरली होती. तांब्याला तांबं जोडायचं तर ती झकास, सांधा साफ करणारी पावडरसुद्धा लागत नाही. लोखंडावर मात्र तिचा सांधा ठिसूळ होतो आणि कॉम्प्रेसरच्या थरथरीने तडकतो.

“त्याच काडीचा एक ठिपका मार नि चल,” भागीदार पुटपुटला. “एका रात्रीचा तर प्रश्न!”

“आणि रात्रीच तडकला तर? पोराला काय दाखवणार, राख?”

लोखंडालाही धरणाऱ्या चांदीच्या काडीचा बोटभर तुकडा डब्यात होता. पावडर पाण्यात कालवून सांध्याला फासली, गॅसचा बर्नर पेटवला. अंगणातलं रडणं थांबलं, सगळे जवळ सरकले. एवढा मोठा प्रेक्षकवर्ग मला आयुष्यात मिळाला नव्हता, आणि खोटं कशाला सांगू, मी ज्योत जरा ऐटीतच फिरवली.

“बाय जित्ती होती तवा घरात पंखा नाय आनला,” मुलाची आत्या म्हाताऱ्याला म्हणाली. “आता बग, केवढी मशीन!”

“गप गो,” म्हातारा म्हणाला.

पावडर फसफसली, मग काचेसारखी पातळ झाली. तेव्हा काडी टेकवली. चांदी सरसर आत ओढली गेली. साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. नळीतली हवा ओढून गॅस भरला. संध्याकाळी पेटी गार झाली आणि चौघांनी म्हातारीला परत आत ठेवलं.

आम्हाला मात्र सोडलं नाही. मशीन राहील तोवर मिस्तरीही राहील, असा हुकूम. म्हातारा रात्रभर पेटीला टेकून बसला. कुणी झाकणावर हार ठेवायला आलं तरी त्याचा हात बाजूला करायचा.

सकाळी मुलगा आला. बॅग अंगणात टाकून धावत पेटीशी गेला आणि त्याने झाकणाला हात घातला. म्हाताऱ्याने त्याचं मनगट धरलं.

“उगडू नको. गारवा जाईल.”

“बाबा, मी हाय. मी आलो.”

“व्हय. पन गारवा जाईल.”

मुलाने पुन्हा ओढलं. म्हाताऱ्याची पकड सुटेना. सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेवटी मी उठलो आणि प्लग काढला. कॉम्प्रेसर एकदा थरथरला आणि गप्प झाला.

म्हाताऱ्याने हात सोडला. मग त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिला आत्ता, त्याच्या डोळ्यांदेखत, मीच मारलं होतं.