एका फळीवरचं जेवण

“आधी वास घे रे. पोट कुठं पळून चाललंय?”

डबा उघडला की तो हे म्हणायचा. मग डबा दोन्ही हातांनी नाकाशी धरायचा आणि डोळे मिटायचा. डब्यात असायचं काय? नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी, फार तर भाजलेलं वांगं. पण त्याचा चेहरा असा काही फुलायचा, की शेजारच्याला आपला डबा बेचव वाटू लागावा.

परळच्या एका गिरणीत, कापसाच्या गोदामामागे, दुपारच्या सुट्टीत आम्ही जेवायला बसत असू. मी टाइमकीपरच्या खिडकीत बसणारा बावीस वर्षांचा कारकून. तो रिंग खात्यातला, म्हणजे सूत कातायच्या खात्यातला, माझ्याहून चौदा-पंधरा वर्षांनी मोठा. अख्खी गिरणी त्याला ‘इटली’ म्हणायची. त्याचं खरं नाव हजेरीपटात होतं, रोज माझ्या डोळ्यांखालून जायचं. इथे ते लिहिणार नाही. ते नाव घ्यायचा माझा हक्क मीच घालवला.

लढाईत तो रस्ते खणणाऱ्या पलटणीत होता. वाळवंटात जर्मनांच्या हाती सापडला आणि कैदी म्हणून इटलीत गेला. एक वर्ष तारांच्या कुंपणात काढलं. मग इटलीने शस्त्रं खाली ठेवली, पहारेकरी वर्दी फेकून आपापल्या घरी पळाले, आणि फाटक उघडं राहिलं. हा डोंगराच्या दिशेने चालत सुटला. तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्याला गवताच्या गंजीत झोपलेला पाहिला, उठवलं आणि घरी नेलं.

“जर्मन फिरत होते गावात. कैदी लपवला तर घर जाळायचे, माणसं भिंतीशी उभी करायचे. तरी नेलं त्याने. आणि नेलं ते कुठं? गोठ्यात नाही. सरळ चुलीपुढं.”

त्या घरात तो नऊ महिने राहिला. त्या नऊ महिन्यांवरच पुढचं आयुष्य जगला म्हणा ना. मेंढीच्या दुधाचं चीज म्हातारी कसं टांगून ठेवायची, ऑलिव्हचं तेल पावावर ओतून वर लसूण कसा घासायचा, हे तो हातवारे करून सांगायचा. म्हाताऱ्याबरोबर गाढवावर मका लादून दळायला जायचा. सगळं शांत झाल्यावर एका लॉरीतून सगळे समुद्रावर गेले, तिथे वाळूत बसून मासे भाजून खाल्ले.

“आणि दारू?” कोणी ना कोणी डोळा मारून विचारायचंच.

“दारू नव्हे रे, द्राक्षाचा रस मुरवलेला. जेवताना एक पेला. म्हातारी प्यायची, सून प्यायची, पाद्री प्यायचा. एकदासुद्धा कोणी गटारात पडलेलं बघितलं नाही. इथं बंदी आहे ना? मग जा, बघून ये गटारं.”

रविवारी घरात बसणं त्याला पाप वाटायचं. मला घेऊन तो कधी माहीमच्या खाडीवर जायचा, कधी वरळीच्या कोळीवाड्यात. तिथल्या एका कोळणीला तो मावशी म्हणायचा. ती निखाऱ्यावर बोंबील भाजून द्यायची, आम्ही पाव घेऊन जायचो. काचेच्या पेल्यात कोकमाचं सरबत ओतून तो पेला उन्हासमोर धरायचा आणि कितीतरी वेळ बघत राहायचा.

“रंग तोच आहे,” तो म्हणायचा. “बाकीचं सरकारने काढून घेतलं.”

मावशी हसून हसून बेजार व्हायची.

एक गोष्ट मात्र तो फक्त मला सांगायचा. तिकडे हिवाळ्यात मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलं करतात, पोलेंता म्हणतात त्याला. ते ताटात वाढत नाहीत. मोठी लाकडी फळी टेबलावर ठेवायची, तिच्यावर ते गरम गरम ओतायचं, वर टोमॅटोचा रस्सा. घरातले सगळे भोवती बसतात आणि आपापल्या कडेपासून मध्यापर्यंत खात जातात. ताट नाही, वाटी नाही. सगळ्यांची एकच फळी.

“पहिल्या दिवशी मी मागं उभा राहिलो,” तो म्हणाला. “सवयच ती. माझं वेगळं देतील म्हणून वाट बघत होतो. म्हातारीने दंडाला धरून बसवलं आणि चमचा हातात दिला. मी रडायला लागलो. त्यांना वाटलं, मला घरची आठवण आली. आता त्यांना काय सांगू? घरची आठवण आली नव्हती, घर विसरल्यासारखं झालं होतं.”

कळलं असेलच तुम्हाला. त्याचं घर गावकुसाबाहेरचं. महाडच्या बाजूचं गाव, आणि गावाची विहीर त्याच्या बापाला बंद. गिरणीतही विणकामाच्या खात्यात त्याच्या माणसांना घेत नसत. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, मग बाकीच्यांचं तोंड विटाळतं ना! मी कोकणी मराठ्याचा पोरगा, चार पुस्तकं वाचलेला. त्याच्या डब्यातलं खायचो आणि स्वतःवर खूश असायचो. गोदामामागेच का खायचो, सगळ्यांसमोर का नाही, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नाही. रविवारीही तो मला लालबागच्या नाक्यावर भेटायचा. आमच्या चाळीत ये, असं मी त्याला कधी म्हटलं नव्हतं.

तो आला तो आपण होऊन. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, हे रेडिओवरून कळलं होतं आणि गिरणगाव पेटलं होतं. आमचं माहीमला जायचं ठरलेलं होतं. मी नाक्यावर दिसलो नाही म्हणून तो काळजीने शोधत चाळीत आला, आणि तेवढ्यात बाहेर संचारबंदी लागली. पोलिसांच्या गाड्या फिरू लागल्या, गोळ्यांचे आवाज यायला लागले. समोरच्या चाळीतला एक विणकर गॅलरीत उभा होता, तो तिथेच कोसळला. आता त्याला नायगावला आपल्या खोलीवर जाणं शक्य नव्हतं. मी सगळ्यांना सांगितलं, “हा माझा गिरणीतला दोस्त, लढाईवर जाऊन आलेला.” तळमजल्यावरच्या व्यायामशाळेत त्याची झोपायची सोय झाली. लढाईवरचा माणूस म्हणून पोरं त्याच्याभोवती गोळा झाली. गोळीबार सुरू झाला की भिंतीच्या कुठल्या बाजूला बसायचं, हे त्याने सगळ्यांना शिकवलं.

दुसऱ्या दिवशी घराघरांतलं धान्य संपत आलं. दुकानं बंद. सगळ्यांकडे उरलं होतं ते रेशनचं मक्याचं पीठ. त्याची भाकरी थापता थापता मोडते, म्हणून बायकांनी ते डब्याच्या तळाशी टाकून ठेवलेलं.

“ते पीठ मला द्या,” तो म्हणाला. “आणि ती गणपतीची कढई.”

मंडळाची मोठी कढई चौकात चुलीवर चढली. प्रत्येक घरातून वाटीभर, दोन वाट्या पीठ आलं. तासभर तो ते लाकडी दांड्याने ढवळत होता, घामाने निथळत होता. बायकांकडून त्याने टोमॅटो, लसूण, मूठभर सोडे मागून घेतले. स्टेजच्या फळ्या धुऊन जोडल्या आणि त्यांच्यावर ते सोनेरी पिठलं ओतलं. वाफ पार दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली. वरून लाल रस्सा. मग त्याने हाक मारली, “या! ताटं आणू नका. ज्याने त्याने आपल्या कडेने सुरुवात करायची!”

माझी आई बसली. वरच्या मजल्यावरचे नाना बसले. दुसऱ्या एका गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते ते, आणि चाळीत त्यांचा शब्द शेवटचा. चाळीस-पन्नास माणसं त्या फळ्यांभोवती बसली. आधी मध्यावर कोण पोचतो, अशी पोरांची शर्यत लागली. कोणीतरी ‘संयुक्त महाराष्ट्र’ म्हणून ओरडलं, आणि भरल्या तोंडांनी सगळे ‘झालाच पाहिजे’ म्हणाले. तो उभा राहून बघत होता. मी त्याला तसा आनंदात पुन्हा कधी पाहिला नाही.

“तू पण बस रे,” नाना म्हणाले. “झिला, हाताक चव आसा तुझ्या. गाव खंयचा?”

त्याने गाव सांगितलं.

“आणि वाडी?”

खोटं बोलता आलं असतं. कुठल्याही वाडीचं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. त्याने नानांच्या डोळ्यांत बघून खरं सांगितलं.

एकेक हात फळीवरून मागे गेला. दोघी बायका तोंडाला पदर लावून नळाकडे गेल्या आणि चुळा भरू लागल्या. अर्धी फळी अजून भरलेली होती, वाफ निघत होती. बाहेर आमच्याच माणसांवर गोळ्या झाडल्या जात होत्या, चार मिनिटांपूर्वी आम्ही सगळे एक महाराष्ट्र मागत होतो, आणि आत आम्ही चुळा भरत होतो! आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही मी पेटून उठतो. रागाने. आणि त्या रागाचा पहिला धनी मी आहे.

कारण नाना माझ्याकडे वळले.

“तुका म्हायत होता?”

सगळी चाळ माझ्याकडे बघत होती. आई बघत होती. तो बघत होता.

“नाही,” मी म्हणालो.

त्याने दांडा कढईत ठेवला, हात पुसले, चपला घातल्या. संचारबंदी चालू होती, तरी तो दारातून बाहेर पडला. भर दुपारी त्या रिकाम्या रस्त्याच्या मधोमध तो चालत गेला, भिंतीच्या आडोशाने नाही. त्याला कोणी थांबवलं नाही. मीही नाही.

उरलेलं सगळं नानांनी गटारात ओतायला लावलं. कढई घासून, निखाऱ्यावर तापवून घेतली.

गिरणी सुरू झाली तेव्हा तो माझ्या खिडकीशी आला. मी काहीतरी पुटपुटायला लागलो.

“साहेब,” तो म्हणाला, “माझी पाळी बदलून द्या.”

तोवर त्याने मला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. मी पाळी बदलून दिली. तो संध्याकाळच्या पाळीला येऊ लागला, म्हणजे मी घरी गेल्यावर. त्याच वर्षी त्याच्या वस्तीतली माणसं गाड्या भरून नागपूरला गेली, बौद्ध झाली. तोही गेला असं ऐकलं. पुढे हजेरीपटातून त्याचं नाव निघालं. का, हे मी विचारलं नाही. मला विचारायची भीती वाटत होती.

चार वर्षांनी महाराष्ट्र झाला. नानांनी चाळीत पेढे वाटले. प्रत्येकाच्या तोंडात स्वतःच्या हाताने पेढा भरवत होते आणि म्हणत होते, “आता आपला राज्य!” माझ्या तोंडाजवळ हात आला तेव्हा मी तो झटकला. पेढा जमिनीवर पडला. “तेव्हा मी खोटं बोललो होतो,” मी ओरडलो. “मला माहीत होतं! रोज त्याच्याबरोबर जेवायचो मी!” नानांनी वाकून पेढा उचलला. “कोणाबद्दल बोलतंस?” त्यांनी विचारलं. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं.

मी तसाच नायगावला गेलो. विचारत विचारत खोली सापडली. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याखाली त्याचा फौजेतला फोटो, आणि फोटोला हार.

“मागच्या वर्षी गेले,” त्याची बायको म्हणाली. “छातीत कापूस बसला होता, डॉक्टर म्हणाले.” तिने मला आत बसवलं आणि न विचारता चहा टाकला.

मी सांगितलं, गिरणीत आम्ही बरोबर होतो, रोज बरोबर जेवायचो, वरळीला जायचो. चहाचा कप माझ्या हातात देताना ती आठवायचा प्रयत्न करत होती. मनापासून करत होती, तिच्या बोलण्यात कुठेही टोचणी नव्हती.

“ते फार बोलायचे हो जुन्या माणसांबद्दल,” ती म्हणाली. “तिकडच्या म्हाताऱ्याचं, म्हातारीचं, तिच्या सुनांचं, सगळ्यांची नावं पाठ आहेत मला. त्यांच्या कुत्र्याचं नाव लूपो. वरळीच्या मावशीचंही सांगायचे.” तिने माझ्याकडे पुन्हा निरखून पाहिलं. “तुमचं नाव काय म्हणालात?”

मी पुन्हा नाव सांगितलं.

तिने संकोचून ‘नाही’ म्हणून मान हलवली.