जानकीच्या घरी मी गेलेच नव्हते

आई, सोलापूर स्टेशनवर तू मला गाडीत बसवायला आलीस तेव्हा मला तुझी लाज वाटली होती. आता लपवून काय करायचं? अंगणवाडीतून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून तू थेट आलेली, हजेरीचं रजिस्टर काखेत तसंच. समोरच्या बाईंनी विचारलं, मुलगी कुठे चालली, तर तू सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणालीस, "मद्रासला! लहान लेकरांना शिकवायची डिग्री घ्यायला. मी आपली खिचडी वाटणारी, ही खरी मास्तरीण होणार." मी खिडकीबाहेर बघत राहिले. मनात म्हटलं, सुटले एकदाची. गाडी हलली तेव्हा तू हात वर केलास आणि रजिस्टर खाली पडलं.

सुटले कसलं डोंबल! अण्णा नगरच्या होस्टेलात पहिले सहा महिने मी मुकी होते. 'तेरियादु', म्हणजे मला माहीत नाही, एवढा एकच शब्द पाठ. रसम पुरे म्हणायला येईना, म्हणून वाढतील तेवढं गिळायचे. वर्गातल्या मुली वाईट नव्हत्या, पण ही बोलत नाही म्हणजे हिला काही समजत नाही, असं त्यांनी धरून टाकलं होतं. तुझ्याशी फोनवर मी तासतासभर बडबडायचे, ते त्यांना काय माहीत! एवढं सगळं स्वतः भोगलं होतं, आणि तरी मी जे करायचं नव्हतं ते केलंच.

तिसऱ्या वर्षी मैलापूरच्या एका बालवाडीत सरावासाठी पाठवलं. प्रत्येकीला एक मूल नेमून दिलेलं, दीड महिना त्याचं निरीक्षण लिहायचं. मला मिळाली आर. जानकी, चार वर्षांची, दोन घट्ट वेण्या घालणारी. इथे आडनाव लावत नाहीत, बापाच्या नावाचं पहिलं अक्षर पुढे येतं, त्यामुळे कोण कुठलं ते नावावरून कळत नाही. जानकी बोलायचीच नाही. तमिळमध्ये विचारा, इंग्रजीत विचारा, ओठ मिटलेले. ठोकळे मात्र तिच्यासारखे कुणी रचत नसे. मी रोज लिहायचे, 'प्रतिसाद नाही'.

अहवालात शेवटचा रकाना गृहभेटीचा. हे तुला काय सांगायचं! चिखल असो, ऊन असो, तू एक घर कधी चुकवलं नाहीस. "लेकरू गप असलं की आधी त्याच्या घरी जाऊन बस," म्हणायचीस, "तिथं ते कसं असतंय ते बघ, मग लिही." आम्ही पोरींनी तो रकाना होस्टेलच्या कॉटवर बसून भरला. दरवर्षी सगळ्या तसाच भरतात. त्या उकाड्यात कोण फिरणार, आणि गेले तरी तमिळमध्ये बोलणार काय? मी लिहिलं, 'गृहभेट दिली. घरी मुलीशी संवाद फार कमी. मोबाईलचा वापर जास्त.' छान सफाईदार इंग्रजीत. आमच्या मॅडमनी तो अहवाल वर्गात वाचून दाखवला. मी तुला फोनवर सांगितलं, तर तू शेजारच्या काकूंना बोलावून माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलंस.

त्या अहवालावर बोट ठेवून शाळेने जानकीच्या आईबापांना बोलावलं. मुलीच्या बोलण्यात दोष आहे, अशा मुलांच्या वेगळ्या शाळेत न्या, म्हणाले. घरी बोलते, असं आईबाप सांगत होते म्हणे, पण कागदावर माझं लिहिलेलं होतं. तिची पिशवी न्यायला आजी तिला घेऊन आली. मी भिंतीवर चित्रं चिकटवत होते, आणि पाठीमागून आवाज आला, "आजी, ती पाटी माझी नव्हे! माझी ती पल्याडची. ह्या पोरीनं घेतली." मराठी, आई! हेल तमिळ, शब्द जुन्या वळणाचे, पण आपली भाषा, तीही घडाघडा. तंजावरकडची मराठी माणसं पिढ्यान्पिढ्या इथे आहेत हे मी ऐकून होते. आईबाप दिवसभर ऑफिसात, पोर आजीपाशी, आणि आजीने हट्टाने घरात मराठीच ठेवलेली, हे मागाहून कळलं. दार वाजवलं असतं तर पहिल्या मिनिटात कळलं असतं. अख्ख्या शाळेत त्या पोरीचं बोलणं समजेल अशी एकच बाई होती, आणि ती मी होते.

मी काय केलं? काही नाही. चिकटपट्टी हातात धरून उभी राहिले. चार दिवसांनी मॅडमकडे जाऊन खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता बोभाटा करू नकोस. तुझा निकाल अडकेल, सगळ्यांचाच अडकेल." शाळेने जानकीची जागा तोवर भरूनही टाकली होती. मी लेखी द्यायला हवं होतं. दिलं नाही. घाबरले, दुसरं काय! पहिला वर्ग मिळाला. तू माझा पदवीचा फोटो अंगणवाडीच्या भिंतीवर लावलास, लसीकरणाच्या तक्त्याशेजारी.

आता वेलचेरीच्या प्ले-स्कूलमध्ये आयटीवाल्यांची मुलं सांभाळते. तमिळ बरं येतं. पालक मला मॅम म्हणतात, तेव्हा अंगावर पाल पडल्यासारखं होतं. गेल्या महिन्यात एका रविवारी शेवटी जानकीच्या घरी गेले. पत्ता माझ्याच अहवालात होता. देवळामागच्या गल्लीत, जिन्यावरूनच तिचा आवाज येत होता. गोष्टीतला राक्षस मेला की पळाला, यावरून आजीशी भांडण चाललेलं. मी मराठीत हाक मारली, तर आजीला कोण आनंद! "या, या, आंत या. कोठून आलां?" चार वर्षांत या शहरात मला कुणी मराठीत 'या' म्हटलं नव्हतं. मी चटईवर टेकले. तेवढ्यात जानकी आतून धावत आली, तिने मला ओळखलं, आणि ओठ मिटले. वर्गातल्यासारखेच. आजी म्हणाली, "बोल की गे. काय झालें? घरांत ही अशी कधीं होत नाहीं." मग मी कोण ते मी सांगितलं. आजी माझ्यासाठी कॉफी करायला उठली होती, ती परत खाली बसली. मी निघेपर्यंत दोघी एक शब्द बोलल्या नाहीत.

आई, दिवाळीला रजा मिळत नाही म्हणाले ते खोटं. रजा आहे. येण्याची हिंमत नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, घर म्हणजे आपलं गाव, तू, ती एक खोली. आता वाटतं, जिथे माणूस न घाबरता बोलतं ते घर. जानकीला ते एवढंच उरलं होतं, आणि तिथेही मी जाऊन आले. आता तुझ्यासमोर बसून हे सांगितलं आणि तूही गप्प झालीस, तर मला कुठेच जायला उरणार नाही. म्हणून आधी लिहून कळवते आहे. वाच, आणि सांग, येऊ का.