रत्नागिरीच्या कोर्टातली धुतलेली बंडी

दिवाळीनंतर रत्नागिरीला जायचं ठरलं ते समुद्र पाहायला नव्हे, एक बंडी पाहायला. माझा मेहुणा तिथं वकील. त्याचा अशील गोपाळ, पावसच्या एका बागेतला गडी, वैशाखापासून खुनाच्या आरोपाखाली कोठडीत होता. बागेचा मालक मारला गेला त्या दिवशी गोपाळच्या बंडीवर लोकांनी तांबडे डाग पाहिले. फौजदार बंडी न्यायला आले, तर त्याच्या बायकोनं, सुभद्रेनं, ती घासून, वाळवून, घडी घालून हाती दिली. झालं! रक्त धुतलं म्हणून नवरा फासाच्या वाटेवर.

मुंबईहून बोटीचं डेकचं तिकीट काढणाऱ्यांनी लिंबू आणि नम्रता, दोन्ही बरोबर घ्यावीत. हर्णै येईपर्यंत माझ्या शेजारचे गृहस्थ पार पिवळे पडले. ते निघाले सरकारी प्रयोगशाळेतले रसायनतज्ज्ञ, आमच्याच खटल्यात साक्षीला चाललेले! लिंबू पुढे करून मी विचारलं, "डाग कसले निघाले हो?"

"लिंबाबद्दल आभारी आहे," म्हणाले आणि डोळे मिटले.

रत्नागिरीला बोटीतून किनाऱ्यावर नेणाऱ्या पडावात उतरावं लागतं. पडावाचा भाव आधी ठरवा. लाटेवर असताना घासाघीस जमत नाही. खाणावळीतली सुरमई उत्तम, गाद्यांबद्दल न बोलणं बरं.

कोर्टात सरकारी वकील सुभद्रेवर कडाडले, "बंडी का धुतलीस?"

"मळकी बंडी सरकारात कशी द्यायची वो? सायब काय म्हनतील, या घरात बाईमानूस नाय?"

कोर्ट हसलं. गोपाळ हसला नाही.

"आणि डाग?"

"रातांब्यांचे. कोकमांसाठी दिवसभर फोडीत होता."

मग रसायनतज्ज्ञ उभे राहिले. "बंडी फारच चांगली धुतली आहे," ते जरा तक्रारीच्या सुरात म्हणाले. "पण खांद्याच्या शिवणीत थोडा डाग राहिला. तो रक्ताचा नाही. सोड्याच्या पाण्यात निळसर हिरवा झाला. फळाचा रंग तसा पालटतो, रक्त नाही."

आमच्या आजोबांच्या काळी डाग लांबून पाहूनच लोक निकाल देत. आता डागालाच साक्षीला बोलावतात. सुधारणा म्हणायची ती ही.

संध्याकाळी गोपाळ सुटला. दुसऱ्या दिवशी भाट्याची खाडी तरीतून ओलांडून आम्ही त्याच्याकडे जेवायला गेलो. सोलकढी अशी, की दुसरी वाटी घेण्याच्या घाईत मी पहिली सदऱ्यावर सांडली. सुभद्रेनं लगेच हात पुढे केला, "काढा, धुवून देतंय."

"ऱ्हाऊ दे गो!" गोपाळ एवढ्या जोरात ओरडला की वळचणीची कोंबडी उडाली.

आता तो सदरा गिरगावात खुंटीवर आहे. बायको रोज विचारते, धुवायला टाकू का? मी म्हणतो, टाक, पण शिवण सोडून धू.